जाळे घ्यायचे तर सुतापासून पारख करा

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही जाळ्याचा आणि जाळ्याच्या सुताचा धंदा आपल्या जिल्ह्यात बऱ्यापैकी आहे, आणि त्याबद्दल व्यापाराच्या पानावर फारसे लिहिले जात नाही. अंबड व घनसावंगी तालुक्यांच्या शिवेवरून गोदावरी वाहते. बदनापूर तालुक्यात सोमठाण्याला ऊर्ध्व दुधना आहे, परतूरच्या बाजूला निम्न दुधनाचे पाणी पसरते, आणि शेजारी पैठणचा नाथसागर तर सर्वांना ठाऊक आहे. त्याखेरीज गावोगावचे पाझर तलाव आहेत आणि कडवंचीसारख्या गावांनी ज्यात नाव कमावले ती शेततळी आहेत. जिथे पाणी तिथे मासा, आणि जिथे मासा तिथे जाळे आलेच.

घेणारे बहुतेक भोई बांधव, मच्छीमार सहकारी संस्था आणि अलीकडे शेततळ्यात मत्स्यबीज सोडणारे शेतकरी. विकणारे मात्र पुष्कळदा आपल्यातलेच असतात. सुतळी, दोरी, ताडपत्री, कापड ठेवणाऱ्या दुकानात जाळ्याचा गठ्ठाही एका कोपऱ्यात असतो. जाळ्याला दोरी-शिसे लावून देणारे कारीगरही आपल्यात आहेत. आम्ही मूळचे कापडवाले. परंतु जाळे म्हणजे शेवटी सूतच, आणि सुताची पारख असली की जाळ्याची पारख निम्मी आलीच. उरलेली निम्मी माशाकडून शिकावी लागते.

गिऱ्हाईक दुकानात येऊन बहुधा एकच प्रश्न विचारते: "सगळ्या कामाला चालेल असे एक जाळे द्या." मागणी वाजवी आहे. गरिबाला चार जाळी परवडत नाहीत, आणि जाळ्यासाठी घेतलेले पैसे बऱ्याचदा उसने असतात. जाळे चुकले तर हंगाम गेला आणि उधारी डोक्यावर राहिली. म्हणून या प्रश्नाला "हे घ्या" एवढे उत्तर देऊन मोकळे होणे बरे नव्हे.

आधी सुताच्या नंबराचे पाहू, कारण कापडवाल्यांचा इथेच घोटाळा होतो. सुती धाग्याचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. ४० चे सूत २० पेक्षा बारीक असते. नायलॉनचे उलटे आहे. तिथे डेनिअर चालतो, आणि डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा तर धागा जाड. साडीच्या धंद्यातल्या मंडळींना हे माहीत आहेच. जाळ्याच्या सुतावर २१०/१/२, २१०/१/३, २१०/२/३ असे लिहिलेले असते. २१० डेनिअरचे मूळ तंतू, आणि पुढचे दोन आकडे एकमेकांनी गुणले की त्या सुतात असे किती तंतू पिळले आहेत ते कळते. म्हणजे २१०/१/३ मध्ये ३ तंतू, एकूण ६३० डेनिअर. २१०/२/३ मध्ये ६ तंतू, एकूण १,२६० डेनिअर. काही कारखाने डेनिअरऐवजी टेक्स लिहितात, तेव्हा टेक्सला ९ ने गुणावे. २३ टेक्स म्हणजे आपले तेच २१० डेनिअर.

यातून व्यापाऱ्याचा हिशेब सरळ निघतो. ४२० डेनिअरच्या (२१०/१/२) सुताचे १ किलोत सुमारे २१ हजार मीटर भरतात. ६३० चे १४ हजारांच्या आसपास आणि १,२६० चे अवघे ७ हजार. पीळ दिल्याने प्रत्यक्षात यापेक्षा थोडे कमीच भरते. जाळे वजनावर विकले जाते, म्हणून जाड सुताचे जाळे "मजबूत आहे" म्हणून घेणारा त्याच पैशात निम्मे पाणी झाकतो. आणि जाड सूत माशाला दिसते, त्याच्या अंगालाही जाणवते, त्यामुळे मासा कमी लागतो. मजबुती पाहिजे तेवढीच घ्यावी. सर्वसाधारण ठोकताळा असा की सुताची जाडी ताणलेल्या डोळ्याच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास असावी. खडकाळ तळ आणि मोठा मासा असेल तर थोडी वाढवावी, स्वच्छ शांत पाण्यात कमी करावी.

नायलॉन येण्यापूर्वी जाळी कापसाची, तागाची, अंबाडीची असत. ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो, हे कापडवाल्यांना सांगायला नको. पण तो कुजतो. म्हणून कोकणात जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवीत आणि रोज वाळवीत. ओल्या नायलॉनची ताकद उलट १० ते १५ टक्के घटते, पण ते कुजत नाही आणि तुटण्याआधी चांगले ताणते. मासा धडपडतो तेव्हा हे ताणणेच जाळे वाचवते. १९५७ साली कोचीन येथे केंद्रीय मत्स्यिकी प्रौद्योगिकी संस्था सुरू झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत आपल्या देशात नायलॉनची जाळी पसरत गेली. आपल्या राज्यात वाई आणि पुणे येथे गरवारे कंपनीची जाळ्यांची व दोरखंडांची कारखानदारी आहे. ती कंपनी १९७६ साली स्थापन झाली.

आता बाजारात नायलॉनच्या नावाखाली काय काय येते ते पाहू. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टर, सर्व दिसायला सारखे. जाळून पाहणे ही आपली जुनी रीत आहे: नायलॉन वितळत जळते, धूर पांढुरका येतो, आणि पॉलिस्टरचा धूर काळा, काजळीचा. परंतु रंगीत मालात या परीक्षेने फसगत होऊ शकते. त्यापेक्षा दोन पेल्यांची परीक्षा चांगली, आणि तिला खर्च काही नाही. एका पेल्यात साधे पाणी घ्यावे. दुसऱ्यात मीठ विरघळणे थांबेपर्यंत घालीत जावे. १०० ग्रॅम पाण्याला सुमारे ३६ ग्रॅम मीठ लागते. दोन्हींत साबणाचा एकेक थेंब टाकावा, नाही तर हवेचे बुडबुडे धाग्याला चिकटून तो खोटाच तरंगतो. सुताचा छोटा तुकडा पीळ उकलून टाकावा. साध्या पाण्यात तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. साध्या पाण्यात बुडाला पण मिठाच्या पाण्यात तरंगला तर नायलॉन. दोन्हींत बुडाला तर पॉलिस्टर. कारण साधे आहे: पाण्याची घनता १, पूर्ण मिठाच्या पाण्याची १.२, नायलॉनची १.१४ आणि पॉलिस्टरची १.३८. डांबर किंवा राळ चढवलेल्या सुताला ही परीक्षा लागू नाही. तसेच असे सूत वजनावर घेताना आपण सुताच्या भावाने राळ घेत असतो, हे ध्यानात ठेवावे.

पॉलिथिनचे जाळे वाईट असते असे मात्र कोणी समजू नये. ओढजाळ्याला, पिंजऱ्याला, कुंपणाला ते चांगले चालते, स्वस्तही पडते. तक्रार आहे ती नायलॉनच्या भावात पॉलिथिन विकण्याबद्दल.

आता डोळ्याचे माप. व्यापारातला सर्वांत मोठा घोटाळा आमच्या मते हाच आहे. जाळ्याचा डोळा दोन रीतींनी मोजतात. एक, गाठ ते शेजारची गाठ, म्हणजे चौकटीची एक बाजू. दोन, डोळा पूर्ण ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर. दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट येते. एकाच जाळ्याला एक जण ५० मि.मी. म्हणेल आणि दुसरा १०० मि.मी., आणि दोघेही खोटे बोलत नसतील. आम्ही एकदा बाहेरगावच्या एका घाऊक पेढीकडे ९० मि.मी. ताणलेल्या डोळ्याचा माल लिहून मागवला होता. गठ्ठा सोडून पट्टी लावली तेव्हा बाजूच ९० निघाली, म्हणजे डोळा १८० चा. माल त्याच गाडीने परत केला. तो तसाच गावात गेला असता तर तलावातला सगळा मासा त्यातून आरपार गेला असता आणि कोळ्याला कारण कळायला महिना लागला असता. म्हणून बिलावर नुसता आकडा कधीही लिहू नये. "ताणलेला डोळा" हे शब्द लिहावेत. एकच डोळा मोजून भागत नाही. दहा डोळे ओळीने ताणून मोजावेत आणि दहाने भागावे. माप-तोलाचा मामला किती नाजूक असतो, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

डोळा किती मोठा घ्यावा याचे उत्तर शिंप्याच्या टेपमध्ये आहे. गळजाळ्यात, म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते त्या जाळ्यात, मासा डोके घालतो, डोके पार होते आणि अंग अडकते. मागे सरकला की कल्ल्यात सूत बसते. म्हणजे माशाच्या डोक्याचा घेर डोळ्याच्या घेरापेक्षा कमी आणि अंगाचा घेर जास्त हवा. डोळ्याचा घेर म्हणजे ताणलेल्या मापाची दुप्पट. सूत ताणते आणि माशाचे अंगही दबते, त्यामुळे माशाचा सर्वांत मोठा घेर डोळ्याच्या घेराच्या सव्वापट असताना तो उत्तम अडकतो. म्हणून ज्या आकाराचा मासा बाजारात विकायचा आहे तो मासा घ्या, पाठीच्या कण्याजवळ जिथे सर्वांत जाड आहे तिथे टेप गुंडाळा, आणि आलेल्या मि.मी.ला अडीचने भागा. घेर २५० आला तर ताणलेला डोळा १०० मि.मी. घेर २०० तर डोळा ८०. आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही हेच सांगतो: आकडा विचारू नका, मासा मोजून या.

यातूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. गळजाळे आपल्या मापाच्या माशालाच धरते. त्या मापापेक्षा लांबीने पाचव्या हिश्श्याहून जास्त लहान किंवा मोठा मासा त्यात क्वचितच लागतो. लहान पार निघून जातो, मोठ्याचे डोकेच आत शिरत नाही. शिवाय कटला पोटाने रुंद आणि मृगळ सडपातळ, त्यामुळे एकाच वजनाच्या दोघांना डोळा वेगळा लागतो. मरळ आणि वाम तर अंगाने दांड्यासारखे. कटल्याच्या जाळ्यात ते यायचेच नाहीत. सारांश, सर्व कामांना चालेल असे गळजाळे अस्तित्वात नाही, आणि तसे म्हणून विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बारीक डोळ्याचे जाळे घेतले की सगळेच येईल, हा समज त्याहून वाईट आहे. त्यात येते ते सोडलेले बीज. सरकारी तलाव संस्थांना ठेक्याने मिळतात, त्यात बीज पैसे देऊन सोडलेले असते, आणि बोटाएवढा रोहू जाळ्यात मारला तर पुढचा मोठा मासा मारला गेला. पावसाळ्यात मोठे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा तोंडावर जाळे लावणे हाही तोच प्रकार.

मग एकच घेणाऱ्याने काय करावे? शेततळ्यासाठी फेकजाळे. एकटा माणूस ते टाकतो, डोळ्यापेक्षा मोठे असेल ते सर्व त्यात येते, आणि लहान मासा जिवंत सोडून देता येतो. फक्त शेततळ्यात खाली प्लास्टिकचा कागद असतो, म्हणून शिशाच्या गोळ्यांना धार राहता कामा नये. त्या कानसाने घासून गोल कराव्यात. तळ साफ असलेल्या तलावात चार-सहा माणसांनी ओढायचे ओढजाळे उत्तम. परंतु आपल्या धरणांच्या पोटात जुनी बाभळीची खोडे, बांध, विहिरींचे कठडे बुडालेले आहेत. तिथे ओढजाळे एका फेरीत फाटते. धरणावर काम करणाऱ्याला गळजाळेच घ्यावे लागते, आणि त्याने आपल्या पाण्यात सर्वांत जास्त विकला जाणारा एक मासा ठरवून त्याच्या मापाचे घ्यावे. पुढच्या हंगामात पैसा आला तर दुसऱ्या मापाचा तुकडा त्याच दोरीला जोडता येतो. असे तुकड्यातुकड्यांनी जोडलेले जाळे हेच गरिबाचे बहुउपयोगी जाळे होय.

तंगूस घ्यावा की पिळाचे सूत, हा नेहमीचा वाद आहे. तंगूस म्हणजे एकच जाड तंतू, पारदर्शक. ०.२० मि.मी.च्या तंगुसाचे १ किलोत २८ हजार मीटरच्या आसपास भरतात, त्यामुळे जाळे स्वस्त पडते. स्वच्छ पाण्यात तो दिसत नाही आणि मासाही जास्त लागतो. पण तो ताठ असतो, त्याची साधी गाठ सरकते म्हणून दुहेरी गाठ लागते, आणि फाटला की दुरुस्तीला कारीगर हात लावत नाही. पिळाचे सूत मऊ, गाठ पक्की, वर्षानुवर्षे ठिगळ मारून चालवता येते. ज्याच्याकडे एकच जाळे आहे त्याने पिळाचे घ्यावे, असे आमचे मत आहे. पावसाळ्यात आपले पाणी इतके गढूळ असते की न दिसण्याचा फायदाच राहत नाही. ज्याला हिवाळ्यात निवळ पाण्यात काम आहे आणि वर्षाला नवे घेण्याची ताकद आहे, त्याने तंगूस खुशाल घ्यावा. मात्र तुटलेला तंगूस पाण्यात सोडून येऊ नये. कापूस कुजून जाई, नायलॉन वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि मालक विसरला तरी जाळे मासे मारीतच राहते. बुडी मारणारे पाणपक्षीही त्यात अडकतात.

आता जाळे भरण्याचे, म्हणजे दोरीवर चढवण्याचे. इथे कारीगराची खरी कसोटी असते, आणि गिऱ्हाइकाचा गैरसमजही इथेच होतो. १०० मीटर म्हणून घेतलेले जाळे दोरीवर १०० मीटर भरत नाही. ते मीटर ताणलेल्या जाळ्याचे असतात. डोळा उघडा राहावा म्हणून जाळे साधारण निम्म्यावर भरतात, म्हणजे १०० मीटरचे ५० होतात. निम्म्यावर भरले की खोली ताणलेल्या खोलीच्या ८६-८७ टक्के राहते. समजा १०० मि.मी. डोळ्याचे ३५ डोळे खोल जाळे आहे. ताणून साडेतीन मीटर, भरल्यावर जेमतेम ३ मीटर. तीन मीटर पाण्याच्या तलावाला एवढे पुरे. तिथे १०० डोळे खोल जाळे नेणारा दोन तृतीयांश माल तळाच्या चिखलात लोळवत ठेवतो. या मापाचे १०० मीटर जाळे २१०/१/३ सुतात विणायला गाठी धरून अर्ध्या किलोहून थोडे जास्त सूत लागते, २१०/२/३ मध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. भरणी सैल ठेवली, म्हणजे निम्म्याहून कमी, तर जाळे मासा गुंडाळते आणि काटेवाले मासे चांगले येतात, पण सोडवायला वेळ लागतो आणि जाळे फाटते. कटला-रोहूसाठी निम्मे ठीक.

तरंगे आणि शिसे यांचा हिशेब बहुतेक लोक अंदाजानेच करतात. नायलॉन पाण्यात आपल्या वजनाच्या आठव्या हिश्श्याइतकेच जड राहते. १ किलो सुताचे वजन पाण्यात सव्वाशे ग्रॅमच्या आत. २ किलो शिशाचे सव्वाअठराशे ग्रॅम. दोन्ही मिळून २ किलोच्या आत. पृष्ठभागावर लावायचे जाळे असेल तर तरंग्यांची उचल यापेक्षा ठळक जास्त हवी. १ लिटरची बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली जवळपास १ किलो उचलते. पण तीन बाटल्या तीन ठिकाणी बांधल्या की मधले जाळे खाली झोळते, म्हणून जुन्या चपलांच्या रबराचे लहान लहान तुकडे अंतराअंतरावर बांधण्याची आपल्याकडची रीत जास्त शहाणपणाची आहे. तळाला लावायच्या जाळ्यात शिसे वरचढ हवे. खालची दोरी वरच्यापेक्षा किंचित लांब ठेवली की जाळे ताठ न राहता सुरेख उभे राहते.

आपले काही नातेवाईक कोकणात आहेत आणि तिकडे माल पाठवण्याचा विचार काही जण करतात, म्हणून खाऱ्या पाण्याबद्दल थोडे. मीठ नायलॉनला खात नाही. पण वाळलेले मीठ गाठीत खडे धरते आणि सूत घासते, म्हणून वापरानंतर गोड्या पाण्याने धुणे आवश्यक. लोखंडी कड्या तिथे चालत नाहीत. अलीकडे हौसेने समुद्रावर गळ टाकणारे तरुणही तंगूस आणि रीळ मागतात. रीळ घेताना त्यांनी रंगापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: अंग ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचे आहे का, दोरी सुटताना रोखणारा ब्रेक पाण्यापासून बंद आहे का, आणि मोठ्या माशाने ओढ घेतली तर पुरेल इतकी दोरी त्यावर मावते का. खाऱ्या पाण्याला टिकणारे रीळ आपल्या धरणावरही चालते. धरणावरचे स्वस्त रीळ समुद्रावर नेले तर गंजून बसते. म्हणून एकच घेणाऱ्याने समुद्राचे घ्यावे.

दुष्काळाचे ध्यान मात्र जालनेकराने ठेवलेच पाहिजे. २०१२-१३ सालच्या दुष्काळात तलाव कोरडे पडले आणि नवी जाळी तशीच घरात राहिली. म्हणून पाणी किती साचले ते पाहूनच दुकानदाराने माल भरावा. न वापरलेले जाळे उन्हात टांगू नये, उन्हाने नायलॉन ठिसूळ होते आणि बारीक सूत आधी जाते. धुऊन, सावलीत वाळवून, गोणपाटात बांधून आढ्याला लटकवावे. उंदीर माशाच्या वासावर येतो, त्यामुळे न धुतलेल्या जाळ्याचे एका रात्रीत भोके पडलेले फडके होते. आणि जाळे घेतानाच त्याच लॉटचे पाव किलो सूत दुरुस्तीसाठी बाजूला काढून घ्यावे. पुढच्या वर्षी तो पीळ आणि तो रंग मिळेलच असे नाही.